अरुंद पानाचा मुनवा

केळीचं झाड वाचायचं तर खालून सुरुवात करावी. ज्याला आपण खोड म्हणतो ते खोड नव्हेच, एकमेकांना घट्ट कवटाळून बसलेली पानांची सोपटं ती. खरं खोड म्हणजे मातीतला कंद. वेळ आली की त्याच्या शेंड्यावरचा फुलोरा सोपटांमधून वाट काढत वर येतो, केळफूल होऊन खाली झुकतो, आणि घड पिकला की तो बुंधा कायमचा संपतो. पण कंदाच्या अंगावर डोळे असतात, आणि ते घड उतरायची वाट पाहत नाहीत. आई अजून उभी असतानाच तिच्या पायाशी मुनवे फुटू लागतात.

या मुनव्यांत दोन जाती दिसतात, आणि इथे नवशिक्याची नजर हमखास फसते. एकाची पानं लहानपणीच रुंद, हिरवीगार, पसरलेली. दुसऱ्याची तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, जणू पान व्हायचं राहूनच गेलं. सुंदर दिसतो पहिला. जाणता बागाईतदार त्याला पाणी मुनवा म्हणून बाजूला टाकतो आणि दुसरा उचलतो. कारण ऐकलं की झाडाच्या रचनेला दाद द्यावीशी वाटते. अरुंद पानाचा मुनवा आईच्या कंदाला खोलवर जोडलेला असतो. अन्न तिच्याकडून मिळतं, मग उन्हासाठी पान पसरायची घाई कशाला? तो सगळी ताकद बुडाशी साठवतो. म्हणून खाली जाड आणि वर निमुळता. पाणी मुनव्याचं आईशी नातं वरवरचं, त्याला पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट भरावं लागतं. त्याची रुंद पानं ही समृद्धी नव्हे, नड आहे.

बियांचं काय? पिकल्या केळ्याच्या मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात, तेवढीच बीची आठवण. कॅव्हेंडिश गटातल्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. तिनाची दोघांत सारखी वाटणी होत नाही, त्यामुळे बी धरत नाही. गर मात्र परागकणाशिवायच भरतो. तिची सह्याद्रीतली चुलत बहीण पाहा. कड्याकपारीत उगवणारी रानकेळ, काही भागांत तिला कवदर म्हणतात. ती सहसा मुनवे देतच नाही. काही वर्षं पावसाळ्यात पानं काढायची, उन्हाळ्यात कंदात दडी मारायची, मग एकदाच फुलायचं आणि मरायचं. मागे उरतात टणक काळ्या बिया. फळ खाण्यालायक नाही म्हटलं तरी चालेल, पण त्यातलं प्रत्येक बी आपल्या आईहून थोडं निराळं असतं.

बागेतल्या केळीला हे निराळेपण मिळत नाही. क्वचित एखाद्या डोळ्यातच काही बदलतं आणि बुटका किंवा उंच मुनवा निघतो. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही अशीच कॅव्हेंडिशच्या एका घरातली भावंडं. एरवी जळगाव जिल्ह्यात रावेरपासून चोपड्यापर्यंत पसरलेल्या बागांत जवळजवळ एकच देह पुन्हा पुन्हा उभा असतो. म्हणून चव हमखास, आणि धोकाही तितकाच हमखास. मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल ही निर्यातीची केळी पनामा या बुरशीच्या रोगाने विसाव्या शतकात बाजारातून गेली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली ती त्या रोगाला दाद देत नव्हती म्हणून. त्याच बुरशीचा नवा प्रकार आता तिलाही सोडत नाही.

जळगावकडे आज बहुतेक लागवड ऊतिसंवर्धित रोपांची. मुनव्याच्या कोंबाचा सूक्ष्म तुकडा बाटलीत वाढवून हजारो रोपं करतात. रोगमुक्त, एकसारखी, घडही एकदमच कापणीला येतात. तक्रार करावी असं काही नाही. तरी ती रोपं पाहताना मला गंमत वाटते. त्यांना आई नाही, म्हणून ती कोवळेपणीच रुंद पानं पसरतात, अगदी पाणी मुनव्यासारखी. पहिला घड उतरल्यावर पिलबागेसाठी, म्हणजे त्याच कंदावरच्या पुढच्या पिकासाठी, राखलेला मुनवा मात्र मातीतून वर येतो तो पुन्हा अरुंद पातं घेऊनच.