‘मेट्रो’ म्हणजे काय, हे टेंडर लिहिणाराच ठरवणार?

प्रबंधाचा विषय सांगितला की एक प्रश्न हमखास येतो: टेंडरमध्ये संशोधन कसलं? ज्याचा भाव कमी, त्याला काम! पण भावाचा लिफाफा उघडण्याआधी एक चाळणी असते. तुम्ही याआधी असं काम केलंय का? बरेच जण या चाळणीतच गळतात, आणि ‘असं काम’ म्हणजे कसलं काम, यावरून भांडणं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. त्यातल्या एका निकालाशी माझं भांडण आहे. निकाल आपल्या नागपूरचा आहे.

२०१६ साली नागपूर मेट्रोच्या एका कंत्राटासाठी जे बोलीदार आले, त्यात ग्वांगडाँगची एक चिनी कंपनी आणि टाटा प्रोजेक्ट्स यांची जोडी होती. चिनी भागीदाराचा अनुभव पर्ल नदीच्या खोऱ्यातल्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचा. टेंडरमध्ये अट होती मेट्रोच्या बांधकामाच्या अनुभवाची. नागपूर मेट्रोने म्हटलं, ही मेट्रो नव्हे, तुम्ही अपात्र. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरवला. मग स्पर्धेतली दुसरी कंपनी, अॅफकॉन्स, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे मेट्रोचा मूळ निर्णय पुन्हा उभा राहिला.

निकाल कोणाच्या बाजूने लागला याच्याशी मला काही देणंघेणं नाही. शहरातल्या गर्दीत खांब उभे करणं आणि दोन शहरांमधल्या मार्गावर खांब उभे करणं यात फरक आहे, हे म्हणणं मला तरी वेडगळ वाटत नाही. मला खटकतं ते निकालाचं कारण. न्यायालय म्हणालं (थोडक्यात, माझ्या शब्दांत): टेंडर ज्याने लिहिलं, त्याच्या अटींचा अर्थ त्यालाच सगळ्यात चांगला कळतो. दुष्ट हेतू किंवा उघड विपरीतपणा दिसत नसेल तर न्यायालयाने त्या अर्थाचा मान राखावा, मग तो अर्थ न्यायालयाला स्वतःला पटो वा न पटो.

आता साध्या कराराच्या कायद्यात काय असतं बघा. विम्याच्या पॉलिसीत एखादं कलम संदिग्ध निघालं, तर अर्थ पॉलिसी लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, कारण नीट लिहिणं तिच्या हातात होतं. टेंडरमध्ये नेमकं उलटं झालं. संदिग्ध लिहा, आणि त्या संदिग्धतेचा फायदाही तुम्हीच घ्या! ‘मेट्रो’ची व्याख्या टेंडरमध्येच दोन ओळींत देता आली असती. केंद्रीय दक्षता आयोगाने तर डिसेंबर २००२ च्या पत्रकातच बजावलं होतं की ‘समान काम’ म्हणजे काय हे स्पष्ट लिहा. मग न लिहिण्याची किंमत बोलीदाराने का मोजायची?

त्याच पत्रकातला एक हिशोब अनेक टेंडरांत जसाच्या तसा उतरलेला दिसतो. काम १०० कोटींचं असेल तर गेल्या सात वर्षांत ४० कोटींची तीन, किंवा ५० कोटींची दोन, किंवा ८० कोटींचं एक काम पूर्ण केलेलं हवं. वार्षिक उलाढाल सरासरी ३० कोटी. आता या आकड्यांत शोधा: काम चांगलं झालं होतं का? सापडणार नाही. काम किती मोठं होतं, एवढंच इथे मोजलं जातं. रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला असेल, तरी पूर्णत्वाचा दाखला हातात असला की तुमचा ‘अनुभव’ झाला. काम वाईट निघालं तर खात्याच्या हातात मोठं हत्यार एकच, काळी यादी. ते जड आहे. नोटीस, सुनावणी, मग कोर्ट. ते सहसा कोण उचलणार? दाखला आणि काळी यादी यांच्या मधला सगळा प्रदेश कागदावर कोराच. म्हणजे ज्याला आपण पूर्वानुभव म्हणतो, तो पुष्कळदा पूर्वीचा आकार असतो.

तुलनेसाठी मी अमेरिकेचे निर्णय वाचते. तिथे काम चालू असताना आणि संपल्यावर खातं कंत्राटदाराला श्रेणी देतं: गुणवत्ता, वेळ, खर्च. कंत्राटदाराला त्यावर आपलं म्हणणं नोंदवता येतं. पुढच्या कंत्राटात तो शेरा तपासला जातो, आणि ज्याच्या नावावर काहीच नोंद नाही त्याला त्यासाठी चांगलंही धरायचं नाही आणि वाईटही नाही. हरलेला बोलीदार संसदेच्या अखत्यारीतल्या जीएओ या कार्यालयाकडे तक्रार करू शकतो. मुदतीत केली तर सहसा काम थांबतं, आणि १०० दिवसांत निर्णय येतो. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. भांडण नको म्हणून अधिकारी शेरे सौम्य लिहितात, ही टीका तिथेही होते. शिवाय जीएओसुद्धा अधिकाऱ्याच्या जागी स्वतः बसून गुण देत नाही. पण ते विचारतं की जाहीर केलेले निकषच लावले का, आणि निर्णय घेताना त्याची कारणं लिहून ठेवली होती का. तक्रार आल्यावर वकिलाने रचलेल्या कारणाला तिथे फारसं वजन मिळत नाही.

हे काही परकं तत्त्व नाही. मोहिंदर सिंग गिल खटल्यात १९७७ सालीच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आदेश त्यात दिलेल्या कारणांवरच तपासायचा, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने त्याला टेकू द्यायचा नाही. मग टेंडरमध्येही तेच लावा ना! खात्याने ‘मेट्रो’चा एक अर्थ लावला, ठीक. तो बोली उघडण्याआधी कुठे नोंदवला होता का? सगळ्यांना सारखाच लावला का? हे तपासायला न्यायाधीशाला इंजिनियर असावं लागत नाही, फाईल वाचता आली की पुरे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. प्रत्येक हरलेला बोलीदार स्थगिती आणू लागला तर पूल होणारच नाहीत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्यातच पायाभूत प्रकल्पांना मनाई हुकमापासून संरक्षण दिलंय. आणि झारखंडातल्या एका रस्त्याच्या कामावरून २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काम थांबवण्यापेक्षा बोलीदाराला नुकसानभरपाई मागू द्या. वाचायला न्याय्य वाटतं. पण ज्याला चाळणीतच गाळलं, त्याचा भावाचा लिफाफा उघडलेलाच नसतो. आपली बोली सगळ्यात कमी होती, काम आपल्यालाच मिळालं असतं आणि त्यात इतका नफा झाला असता, हे तो दिवाणी कोर्टात कसं सिद्ध करणार? पुढच्या प्रकरणात मी हाच धागा धरणार आहे.