तोडलेल्या फुलाचा वास



तेराव्याच्या किंवा वर्षश्राद्धाच्या कीर्तनाला आपण बसला असाल, तर एक दृष्टांत हमखास कानी पडला असेल. ‘फूल देठापासून तुटले, वास गेला, तसा देहातून जीव गेला.’ ऐकणारे डोळे पुसतात, टाळकऱ्यांच्या माना डोलतात. दृष्टांत रुचतो खरा, पण तपासून पाहिला तर तो फुलालाही धरून नाही आणि गीतेलाही नाही.

आधी फूलच घ्या. मोगऱ्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच सकाळी खुडतात. दिवसभर त्या ओल्या फडक्यात राहतात, आणि दिवस कलला की टोपलीतच उमलू लागतात. खरा घमघमाट सुटतो तो तेव्हा. रात्रीच्या कीर्तनात हा दृष्टांत सांगणाऱ्या बुवांच्या गळ्यात मोगऱ्याचा हार असतो, तो सकाळी तुटलेल्या कळ्यांचाच की! उलट बाजारातला लांब दांड्याचा गुलाब पुष्कळ दिवस टवटवीत दिसतो, पण हुंगावा तर बहुधा काहीच नाही. तो टिकावा म्हणून जाती निवडत गेले आणि वास मागे राहिला. तुळशीचे पान तर चुरगळल्याशिवाय पुरते दरवळतच नाही.

आणि ‘वास गेला’ हे ठरवणार कोण? नाकच ना? फुलांनी भरलेल्या खोलीत थोडा वेळ बसा, वास येईनासा होतो. फुले तीच असतात, नाक सरावलेले असते. अंगणात जाऊन परत या, पुन्हा दरवळ. वयाने घ्राण मंदावते ते वेगळेच. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांनी ‘हल्लीच्या चाफ्याला वास राहिला नाही’ असे म्हणण्याआधी घरातल्या नातवाला हुंगायला द्यावे. (देवाला वाहायचे फूल मात्र नको, ते हुंगू नये हा आपला शिरस्ता आहे.)

आता गीता. पंधराव्या अध्यायाचा आठवा श्लोक काढून पाहा. तिथे फूल तोडण्याची गोष्टच नाही. वारा फुलाच्या ठिकाणाहून गंध घेऊन जातो, तसा देहाचा स्वामी देह सोडताना मन आणि पाच इंद्रिये सोबत नेतो, एवढे म्हटले आहे. म्हणजे देह हे फूल, मन-इंद्रिये हा गंध, आणि जीव कोण? तर वारा! आमचे वक्ते वाऱ्याला गाळतात आणि जीवाला गंधाच्या जागी बसवतात. गंध तर विरून जातो. समोर ज्यांचा बाप गेला आहे, त्यांच्या मनावर मग ‘सगळे विरले’ एवढेच ठसते. श्लोक तर नेणाऱ्याविषयी बोलतो आहे.

न्यायशास्त्र हेच दुसऱ्या बाजूने सांगते. तर्कसंग्रह शिकणारा मुलगाही जाणतो की गंध हा पृथ्वीचा गुण, वाऱ्याला स्वतःचा वास नाही. झुळकीबरोबर येतात ते फुलाचे सूक्ष्म कणच.

माउलींनी या श्लोकावर काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अपमान झालेला अतिथी यजमानाचे पुण्य घेऊन निघतो, दोरी कळसूत्री बाहुलीची हालचाल नेते, मावळता सूर्य लोकांची दृष्टी नेतो, असे आपले तीन दृष्टांत ते आधी देतात. श्लोकातला वारा आणि गंध सर्वांत शेवटी, अर्ध्या ओवीत. चारही ठिकाणी भर आहे तो नेण्यावर. त्यातही अतिथीचा दृष्टांत मला सर्वांत सरस वाटतो. तो तेराव्याला सांगायला धीर लागतो म्हणूनच कोणी सांगत नसावे.

वास आणि वासना हे शब्द एकाच घरचे. तिळांत खुडलेली फुले थरावर थर घालून ठेवतात, फुले काढून टाकतात, आणि मग तीळ घाण्याला घालतात. तेलाला वास येतो तो फुलांचा, तिळांचा नव्हे. तरुण कीर्तनकारांनी एकदा असे फुलेल तेल हातावर घेऊन पाहावे, आणि मग हा श्लोक निरूपणाला घ्यावा.