पार्किन्सनचा निबंध: लांबून जेवढं दिसलं तेवढंच

जेम्स पार्किन्सनचा कंपवातावरचा १८१७ सालचा निबंध एका बैठकीत वाचून होतो. तेव्हा स्कॅन नव्हते, तपासण्या नव्हत्या. तरी हाताची थरथर, पुढे झुकलेलं शरीर, तोल जाऊन पळत सुटणारी पावलं यांचं त्याने केलेलं वर्णन आजच्या न्यूरॉलॉजिस्टलाही लगेच ओळखू येईल. निरीक्षण कसं करावं हे शिकायला जरूर वाचा. पण आजाराची व्याख्या करताना तो म्हणतो की यात संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. माझा आक्षेप इथे आहे.

हे त्याला कशावरून कळलं? निबंधात रुग्ण फक्त सहा. त्यातले दोघं लंडनच्या रस्त्यावर भेटलेले, एक तर नुसता लांबून पाहिलेला. लांबून चाल दिसते, जिवाची घालमेल दिसत नाही. ती विचारावी लागते. बाकी त्याच्यावर अन्याय नको: झोपेचे हाल, बद्धकोष्ठता, शेवटच्या अवस्थेतला भ्रम हे त्याने नोंदवलंय. आपण काही ठिकाणी अंदाज बांधतोय, हेही प्रस्तावनेत कबूल केलंय.

पुढे शार्कोने या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. बुद्धी आणि स्मृतीवरही परिणाम होतो हे त्याने सांगितलं होतं. तरी 'आधी हात बघा' ही सवय टिकलीच. आजाराची तीव्रता मोजायला १९८७ मध्ये यूपीडीआरएस ही मोजपट्टी आली. तिच्यात मनासाठी चारच प्रश्न होते: बुद्धी, विचारांचा गोंधळ, नैराश्य आणि पुढाकार. चिंतेसाठी एकही नाही! तो २००८ च्या सुधारित आवृत्तीत आला.

'एवढा आजार झाल्यावर माणूस उदास होणारच की!' हे वाक्य घरात आणि दवाखान्यातही ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते पुरत नाही. काही जणांत नैराश्य किंवा चिंता थरथरीच्या कित्येक वर्षं आधी सुरू होते. जो आजार अजून माहीतच नाही, त्याचं दुःख कसं होईल? ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांमध्ये याचं एक संभाव्य उत्तर सापडतं. त्यांच्या मते हालचालींशी संबंधित डोपामाइनच्या पेशींच्या आधी मेंदूच्या देठातल्या, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन बनवणाऱ्या पेशींमध्ये बिघाड दिसतो. सगळ्या रुग्णांना हा क्रम लागू पडत नाही, यावर वाद आहेत. पण मनाची लक्षणं ही आजाराचाच भाग असू शकतात, एवढं नक्की.

याने काय फरक पडतो? नैराश्याची लक्षणं साधारण एक तृतीयांश रुग्णांत असतात, आणि त्यावर उपचार आहेत. चेहरा आखडल्यामुळे बाहेरून मात्र ती धड कळत नाहीत. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. घरचे त्याला 'म्हातारचळ' म्हणतात, रुग्ण लाजेने गप्प बसतो. खरं तर डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं (स्वतःहून बंद मात्र करू नका).

पार्किन्सनकडे साधनं नव्हती म्हणून त्याला माफ करता येईल. पण 'झोप लागते का, मन कशात लागतं का' हे विचारायला आज कुठलं साधन लागतं?