बोरीबंदरचीं शिल्पें आणि बोरघाटाचे मजूर

व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी कलेनें यंत्र व उद्योग हे विषय त्याज्य मानले नाहींत. टर्नरनें १८४४ सालीं पावसांतून धांवणारी आगगाडी रंगविली. फोर्ड मॅडॉक्स ब्राउननें १८५२ ते १८६५ या काळांत खणत्या मजुरांस चित्राच्या मध्यभागीं आणलें. विल्यम बेल स्कॉटच्या १८६१ च्या चित्रांत न्यूकॅसलचे कामगार घण उगारून उभे आहेत. या परंपरेचा जो अंश आपल्या प्रांतीं आला, त्याची परीक्षा आम्ही येथें करीत आहों.

मुंबईचें बोरीबंदर स्थानक स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या अवधींत उभें राहिलें. ॲक्सल हेगचें त्याचें प्रसिद्ध जलरंगचित्र १८७८ चें, म्हणजे कामाच्या आरंभींचेंच आहे. तें चित्र संकल्पाचा पुरावा होय, वस्तुस्थितीचा नव्हे. संग्राहकांनीं हा भेद विसरूं नये.

इमारतीवरील टॉमस अर्पच्या शिल्पांत शेती, स्थापत्य व व्यापार यांचीं रूपकें असून घुमटावर ‘प्रगति’ ही स्त्रीमूर्ति एका हातीं मशाल व दुसऱ्या हातीं चाक धरून उभी आहे. कारागिरी उत्तम आहे. रस्त्यावरून दिसणाऱ्या शिखरशिल्पास रूपकाची भाषा शोभते, हेंहि आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या लोहमार्गाचें हें मुख्य स्थानक, त्याचा बोरघाट १८६३ सालीं खुला झाला. तेथें २५ बोगदे खोदावे लागले, आणि १८६१ च्या आरंभीं ४२,००० वर माणसें एकाच वेळीं राबत होतीं. पटकी व तापानें त्यांतील असंख्य दगावलीं. त्या खणणाऱ्या हाताची एकहि खूण या रूपकांत नाहीं. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं कोरलेलीं पानेंफुलें व पशुपक्षी आम्हांस अधिक बोलके वाटतात, कारण तीं पाहून घडविलेलीं आहेत.

जेथें शिल्प मुकें राहतें तेथें कागदानें बोलावें. बखरी व सनदा आपण जपतों. मुकादमांचीं हजेरीपत्रकें आणि ठेकेदारांच्या मोडी वह्या मात्र रद्दी समजून टाकतों. सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूर येथें १९३० नंतरच्या दशकांत साखर कारखाना उभा राहिला. तशा स्थळांच्या कागदांसहि हाच न्याय लागू आहे. कोणाच्या माळ्यावर असें बाड असेल, तर तें वाण्याच्या पुड्यांत जाण्यापूर्वीं संग्रहांत यावें, एवढीच आमची विनंति आहे.