लंडनच्या चिखलांतील बक्कलें

पोलिसशिपायाच्या अंकाला आपण 'बक्कल नंबर' म्हणतों. परंतु हा बक्कल शब्द मुळीं कमरपट्ट्याचा, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. येथें नांव उरलें व वस्तु विसरली गेली. जमिनींतून निघणाऱ्या वस्तूंचें नेमकें उलट होतें. वस्तु हातीं येते, पण तिचें नांव, काळ आणि धनी हीं सारीं हरवलेलीं असतात.

जेफ ईगन व फ्रान्सेस प्रिचर्ड यांचा १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला 'ड्रेस ॲक्सेसरीज' हा ग्रंथ या शोधाचा आहे. इ. स. ११५० ते १४५० या काळांतील लंडनकरांचीं बक्कलें, पट्ट्याच्या टोकाला बसविलेल्या धातूच्या टोप्या, पट्ट्यांवर ठोकलेल्या टिकल्या, ब्रोच, गुंड्या, टांचण्या यांची ही सचित्र सूची होय. सूची म्हटली कीं जांभई येते. मीही ग्रंथ उघडला तो केवळ कर्तव्यबुद्धीनें.

यापूर्वीं अशा वस्तूंच्या ओळखीचा मोठा आधार म्हणजे लंडन म्युझियमची, वॉर्ड-पर्किन्सकृत १९४० ची मध्ययुगीन सूची. (त्या संग्रहालयाचे तेव्हांचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर हेच १९४४ सालीं आपल्या पुरातत्त्वखात्याचे महासंचालक होऊन आले.) त्या काळीं बक्कलाचें वय ठरे तें बव्हंशीं आकारावरून व थडग्यांवरील प्रतिमांशीं ताडून. पण थडग्यांवर प्रतिमा कोणाच्या? सरदारांच्या व धनिकांच्या. गरिबाचा पट्टा दगडांत कोण कोरणार? शिवाय साधें अर्धवर्तुळाकार बक्कल शतकानुशतकें फारसें बदललेंच नाहीं.

प्रस्तुत लेखकांनीं आकाराआधीं थर पाहिला. लंडनचे लोक थेम्सच्या पात्रांत लांकडी बांध पुढें पुढें रेटीत आणि मागील पोकळींत शहराचा केर भरीत. लांकडाच्या वर्षवलयांवरून बांधाचें वय निघतें, बांधावरून भरावाचें, आणि भरावावरून त्यांत पडलेल्या बक्कलाचें. ओल्या चिखलामुळें धातु चांगली राहिली, क्वचित् चामडेंही टिकलें.

ग्रंथाचें मोल मला येथें वाटलें. १३२७ सालीं तिसऱ्या एडवर्डनें लंडनच्या पट्टे बनविणाऱ्या कारागिरांस सनद दिली. तींत शिसें, कथील असल्या हलक्या धातूंनीं पट्टे मढविण्यास मनाई होती. केवळ दप्तर वाचणारा म्हणेल, ती चाल तेव्हां बंद पडली. चिखलाची साक्ष निराळी आहे. चौदाव्या शतकाच्या थरांत शिसें-कथलाचा हा स्वस्त माल रग्गड सांपडतो! अखेर १३९१ सालीं कायद्यानेंच पांढऱ्या धातूस मोकळीक दिली. घांसून उजळलेलें कथील दुरून चांदीसारखें दिसतें. ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांची हौस सनदेच्या कागदानें थोपली नाहीं, हें आतां वस्तूच सांगतात.

मात्र ग्रंथाच्या नांवाविषयीं माझा मतभेद आहे. कबरींत बक्कल सांगाड्याच्या कमरेशीं सांपडलें, तर तें कमरेचें म्हणतां येतें. केरांतल्या बक्कलाला शरीर नाहीं. तें पट्ट्याचें, जोड्याचें, तरवारीच्या बंदाचें, कीं घोड्याच्या साजाचें? चामड्याचा तुकडा चिकटून असेल तर उत्तर मिळतें, एरव्हीं अंदाजच. इतक्या जाणत्या लेखकांस हें ठाऊक नसेल, असें कोण म्हणेल? पण 'वेषभूषेच्या वस्तु' या नांवानें तो अंदाज मुखपृष्ठावरच पक्का होऊन बसतो. याच मालेंत घोड्याच्या साजाचा खंड १९९५ सालीं निघाला. दोन्ही खंड शेजारीं ठेवले म्हणजे, या खंडांतील कांहीं बक्कलें मुळीं माणसाचीं तरी कशावरून, ही शंका येते, आणि ती वाचकालाच वागवावी लागते.

२००२ सालीं ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली आहे. रेखाचित्रें स्वच्छ आहेत. विद्यार्थ्यानें आधीं टिकल्यांचें प्रकरण वाचावें व बक्कलांकडे मागाहून वळावें.