जुनी आवृत्ति कशासाठीं?

छत्रपती संभाजीनगरांत आमचे एक स्नेही व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी काव्याच्या जुन्या आवृत्त्या जमवितात. त्यांच्या कपाटांतील सोनेरी कडांनीं डोळे दिपतात; हातांत घेतल्यावर मात्र कांहीं पुस्तकांचीं पानें अद्याप कापलेलींही नाहींत असें आढळतें. हा संग्रह झाला, व्यासंग नव्हे, असें आम्हीं त्यांस तोंडावर सांगितलें. तथापि एका लहानशा पुस्तकानें आमचाच तोरा उतरविला.

तें पुस्तक म्हणजे फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रुबाया. आम्ही आजवर विसंबलों तो पाठ कवीच्या मृत्यूनंतरचा, १८८९ सालचा. स्नेह्यांजवळ १८५९ च्या पहिल्या पाठाचें एक जुनें पुनर्मुद्रण निघालें. दोन्ही शेजारीं ठेवून वाचलीं, आणि हीं दोन निराळीं काव्यें आहेत असें कबूल करणें प्राप्त झालें. पहिल्या आवृत्तींत ७५ रुबाया, १८६८ च्या दुसरींत ११०, १८७२ च्या तिसरींत १०१. पण संख्येचें काय! मूळ प्रारंभीं प्रभात रात्रीच्या पात्रांत दगड टाकते आणि तारे पळत सुटतात. पेल्यांत दगड टाकणें ही रानांत घोड्यावर स्वार होण्याची खूण, असें कवीनेंच टीपेंत सांगितलें आहे. उत्तरपाठांत तेथें सूर्य तारे उधळून लावतो. चित्र भव्य खरें, पण तें कोणाही कवीस सुचावें. झाडाखालची ती प्रसिद्ध भाकरीही आधीं अग्रस्थानीं होती, मागाहून काव्यग्रंथ तिच्यापुढें सरसावला. (वयाबरोबर भूक मंदावते, दुसरें काय?)

माधव जूलियनांनीं १९२९ सालीं फारसीवरून रुबाया मराठींत आणिल्या, आणि १९३१ च्या ‘द्राक्षकन्ये’त फिट्झजेराल्डला. या दुसऱ्या कृतीची मुळाशीं तुलना करणारानें मूळ कोणत्या आवृत्तीचें, हें आधीं विचारावें. नाहींतर कवीनें स्वतःच बदललेल्या शब्दाचें खापर अनुवादकाच्या माथीं फुटावयाचें. आम्हीं एका अनुवादकावर असें खापर फोडलें होतें. तें आज परत घेतों.

पहिली आवृत्ति लंडनांत क्वारिचच्या दुकानीं न खपल्यामुळें पेनीच्या पेटींत जाऊन पडली होती. आज ती आपल्यासारख्यांच्या आटोक्याबाहेर आहे. परंतु खय्यामाच्या रुबायांची नक्कल कॉवेलनें फिट्झजेराल्डला धाडली ती कलकत्त्याहून, आणि व्हिटली स्टोक्सनें १८६२ सालीं एक खाजगी आवृत्ति छापविली ती मद्रासेंत. सिराज औरंगाबादीच्या या नगरांत, जेथें फारसी एके काळीं घराघरांतून वाचली जाई, तेथें जुन्या बाडांत असें कांहीं दडलेलें नसेलच कशावरून? वाळवीच्या आधीं पोंचलें पाहिजे, इतकेंच.

स्नेह्यांकडील टेनिसनचीं पानें मात्र अजून बंदच आहेत. येत्या रविवारीं आम्ही सुरी घेऊन जाणार आहों.