नग्न यंत्राचे रूप आणि लय : यामाहा ‘एमटी-०७’चा विचार

ज्या मोटरसायकलीच्या यंत्रावर वारा अडविणारे कवच, म्हणजे फेअरिंग, नसते तिला ‘नेकेड’ म्हणजे नग्न मोटरसायकल म्हणण्याचा प्रघात आता सर्वत्र पडला आहे. ही संज्ञा वाटते तितकी निरागस नाही. १९५५ साली यामाहाने ‘वायए-१’ ही आपली पहिली मोटरसायकल विक्रीस आणली, तेव्हा तिचे १२५ सी. सी. चे टू-स्ट्रोक इंजिन उघडेच होते; तरीही तिला कोणी नग्न म्हटले नाही, कारण रस्त्यावरच्या बहुतेक सर्व मोटरसायकली तशाच असत. पुढे १९८५ साली आलेल्या सुझुकीच्या ‘जीएसएक्स-आर ७५०’सारख्या, शर्यतीच्या यंत्रांचा आदर्श पुढे ठेवणाऱ्या गाड्यांनी संपूर्ण कवच धारण केले, आणि त्यानंतरच उघडे यंत्र ही एक निवड, किंबहुना एक भूमिका ठरली. वस्त्राची रूढी पडल्यावाचून नग्नतेला अर्थ येत नाही. १९९३ साली डुकाटीने मिगेल गालुत्झी या आरेखकाची ‘मॉन्स्टर’ विक्रीस आणली, तेव्हा तिची जाळीदार पोलादी चौकट आणि हवेने थंड होणारे पंखेदार सिलिंडर लोकांना मुद्दाम पाहण्यासाठी दिले होते. जे पूर्वी सहज होते ते आता प्रदर्शनाचा विषय झाले.

या प्रकाराच्या समीक्षेत एक गृहीत सर्रास आढळते. नग्न मोटरसायकल आपले सर्वस्व दाखविते, म्हणून ती प्रामाणिक. तिचे रूप म्हणजे तिच्या कार्याचाच आविष्कार. १८९६ साली अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याने रूप कार्यानुसारी असावे अशी जी भूमिका मांडली, तिचा हा दूरचा वंशज म्हणावयास हरकत नाही. हे गृहीत कितपत खरे आहे हे तपासण्यास यामाहाची ‘एमटी-०७’ अतिशय सोयीची आहे. २०१४ साली ती विक्रीस आली आणि मध्यम वजनाच्या वर्गात तिने आपले पक्के स्थान मिळविले. परंतु तिचा खरा गुण दिसणारा नाही, आणि तिचा खरा दोषही दिसणारा नाही.

प्रथम जे दिसते त्याचा विचार. लहानसा एकच दिवा, पुढच्या बाजूस उंचावलेली टाकी, आखूड शेपूट, आणि सगळा भार जणू पुढच्या चाकाकडे झेपावत आहे असा एकंदर आकार. इंजिन पाण्याने थंड होणारे असल्यामुळे त्याला पंखे नाहीत; त्याच्या पुढे रेडिएटर उभा आहे आणि बाजूने रबरी नळ्या गेल्या आहेत. चौकटीचा बराच भाग टाकीच्या व बाजूच्या आवरणांखाली जातो. जी टाकी म्हणून डोळ्यांस दिसते ती प्रत्यक्ष टाकीवरची आवरणे होत. पेट्रोल त्यांच्या आतल्या पोलादी टाकीत असते. अशा रीतीने ही नग्नता बरीचशी रचलेली आहे. त्यात गैर काही नाही. पुतळ्याची नग्नताही रचलेलीच असते. परंतु मग तिला प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र देताना थोडा संयम हवा. या बाह्य रूपाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

सांगण्यासारखे आहे ते आतल्या क्रँकशाफ्टबद्दल. इंजिन ६८९ सी. सी. चे असून शेजारी शेजारी बसविलेल्या त्याच्या दोन सिलिंडरांचा व्यास ८० मिलिमीटर व दट्ट्याचा फटका ६८·६ मिलिमीटर आहे. दोन सिलिंडरांच्या अशा इंजिनात क्रँकच्या दोन खुंट्यांमध्ये किती अंशांचे अंतर ठेवावे याची दोन उत्तरे प्रदीर्घ काळ रूढ होती. जुन्या ब्रिटिश इंजिनांत ते ३६० अंशांचे, म्हणजे दोन्ही दट्ट्ये बरोबर वर व बरोबर खाली. अनेक जपानी इंजिनांत ते १८० अंशांचे, म्हणजे एक वर तर दुसरा खाली. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही : दोन्ही दट्ट्ये एकाच क्षणी थांबतात. दट्ट्या थांबतो तेव्हा त्याच्या गतीत साठविलेली ऊर्जा क्रँकशाफ्टकडे जाते, आणि पुन्हा वेग घेताना तो ती क्रँकशाफ्टकडूनच परत घेतो. दोन्ही दट्ट्ये हा व्यवहार एकाच वेळी करू लागले की प्रत्येक फेऱ्यात दोनदा क्रँकशाफ्टला हिसका व दोनदा ओढ बसते. वेग वाढेल तसा या जडत्वजन्य टॉर्कचा चढउतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो, आणि जळणाऱ्या वायूने दिलेला उपयुक्त टॉर्क त्याच्या कोलाहलात हरवू लागतो.

‘एमटी-०७’मध्ये हे अंतर २७० अंशांचे आहे. एक दट्ट्या थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळजवळ आपल्या कमाल वेगात असतो. त्यामुळे एकाने सोडलेली ऊर्जा बव्हंशी दुसरा उचलतो, आणि क्रँकशाफ्टला तिचा हिसका फारसा जाणवत नाही. जो टॉर्क साखळीवाटे मागच्या चाकापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः ज्वलनाचा असतो. याला मोबदला द्यावा लागतो, हे खरे. दुय्यम बले परस्परांस छेदतात, पण प्राथमिक बले पूर्णपणे छेदत नाहीत. म्हणून वेगळा संतुलक दंड बसवावा लागतो. स्फोटही समान अंतराने होत नाहीत. २७० अंशांनंतर एक, मग ४५० अंशांनंतर दुसरा. त्यामुळे इंजिनाचा आवाज सम पडल्यावर जरा रेंगाळल्यासारखा वाटतो. ९० अंशांच्या व्ही-ट्विन इंजिनाचा, म्हणजे डुकाटीचा, ठेका तो हाच. भारतीय वाचकास तो आता परका नाही. २०१८ साली आलेल्या रॉयल एन्फील्डच्या ६५० सी. सी. च्या इंटरसेप्टरमध्येही क्रँकच्या खुंट्या याच अंतरावर आहेत, आणि मुंबई-पुणे परिसरातील रस्त्यांवर तो ऐकू येतो.

यामाहाने ही मांडणी १९९५ च्या ‘टीआरएक्स ८५०’मध्ये आधीच वापरली होती. पुढे २००४ साली शर्यतीच्या ‘वायझेडआर-एम१’ला, व २००९ साली रस्त्यावरच्या ‘आर१’ला, ‘क्रॉसप्लेन’ क्रँकशाफ्ट देण्यात आला. त्या चार सिलिंडरांच्या इंजिनात खुंट्या एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन प्रतलांत असतात आणि टोकाकडून पाहिल्यास खरोखरच फुली दिसते. ‘एमटी-०७’च्या संदर्भातही कंपनी क्रॉसप्लेनचेच नाव घेते, परंतु दोन खुंट्यांनी फुली होत नाही, फार तर काटकोन होतो. नाव उसने आहे. तत्त्व मात्र अस्सल आहे, आणि नावाच्या या किरकोळ दिखाऊपणाबद्दल त्या तत्त्वाला कमी लेखण्याचे कारण नाही.

या तत्त्वाचा उद्देश काय? शर्यतीच्या गाडीत तो स्पष्ट होता. वळणातून बाहेर पडताना मागचे टायर रस्त्याला कितपत धरून आहे याची बातमी स्वाराला अचूक मिळावी. मनगटाने जेवढे मागितले तेवढेच चाकाने द्यावे. क्रँकशाफ्टमधील कोलाहल कमी करणे म्हणजे ही बातमी स्वच्छ करणे होय. ‘एमटी-०७’ने ते शर्यतीतले शहाणपण सामान्य स्वाराच्या हाती दिले. तिचा कमाल टॉर्क ६८ न्यूटन-मीटर असून तो मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर मिळतो. गणित केल्यास त्या वेगावर सुमारे ४६ किलोवॉट शक्ती होते. कमाल शक्ती ५५ किलोवॉट असून ती ९,००० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे शक्तीचा पाच-षष्ठांशाहून थोडा अधिक भाग मधल्या वेगांतच हाती येतो. गाडीचे वजन पेट्रोल-तेलासह १७९ किलोग्रॅम, एबीएस असल्यास १८२. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या ए-२ परवान्याच्या अटी ३५ किलोवॉट व प्रत्येक किलोग्रॅममागे ०·२ किलोवॉट अशा आहेत, आणि मूळ गाडीची शक्ती त्याच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. ही गाडी ३५ किलोवॉटपर्यंत रोखली की या तिन्ही अटींत बसते. ऑस्ट्रेलियात शिकाऊ स्वारांसाठी ६६० सी. सी. ची मर्यादा आहे म्हणून तेथे ६५५ सी. सी. चे इंजिन बसविलेली गाडी देण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्यास या दोहोंतला फरक ओळखू येत नाही. नग्न यंत्र सर्व काही सांगते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

येथपर्यंत प्रशंसा. परंतु क्रँकशाफ्टने स्वच्छ केलेली बातमी स्वारापर्यंत पोहोचते ती टायर, सस्पेन्शन आणि चौकट या मार्गाने. २०१४ च्या गाडीत हा मार्गच सदोष होता. पुढचे ४१ मिलिमीटरचे साधे फोर्क व मागचा शॉक यांच्या स्प्रिंगा मऊ होत्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे अवमंदन अपुरे होते. स्प्रिंग दबल्यावर तिने किती वेगाने मूळ जागी यावे हे ठरविणारी ही यंत्रणा दुबळी असली की चाक खड्ड्यावरून उतरल्यानंतरही गाडी डोलत राहते. जोराने ब्रेक लावताच तिचे नाक खाली जाते, आणि वळणात तेल-रेतीचा ठिपका आला की टायर घसरले की केवळ स्प्रिंग हलली, हे स्वाराला सांगता येत नाही. ज्या जाणिवेसाठी २७० अंशांचा सगळा खटाटोप केला, तीच शेवटच्या टप्प्यावर गढूळ होते. किंमत आटोक्यात ठेवावयाची म्हणून काटकसर कोठेतरी करावीच लागते, हे मान्य आहे. तथापि या काटकसरीने रचनेच्या मध्यवर्ती कल्पनेवरच घाव घातला. ब्रेक थोडे लहान किंवा मीटर साधा असता तर तो उणेपणा ठरला असता. हा मात्र विसंवाद आहे, आणि विसंवाद उणेपणाहून गंभीर असतो. शिवाय ज्यांच्यासाठी गाडी मुख्यतः घडविली त्या नवशिक्या स्वारालाच ही बातमी सर्वांत अधिक हवी असते.

आणि हा दोष डोळ्यांना दिसत नव्हता. मागचा शॉक इंजिनाच्या मागे जवळजवळ आडवा ठेवलेला असून त्याचे पुढचे टोक सरळ क्रँककेसला जोडले आहे. जागा वाचविण्याची ही युक्ती चतुर आहे, पण त्यामुळे तो नजरेआड जातो. फोर्क दिसतात, त्यांच्या आतले तेल व झडपा दिसत नाहीत. नग्नतेचा गौरव करणाऱ्या समीक्षेने ज्या ठिकाणी पाहावयाचे तेथे पाहिले नाही. चालवून पाहणाऱ्यांनी मात्र पहिल्या वर्षापासून ही तक्रार केली. २०१८ साली स्प्रिंगा घट्ट झाल्या, अवमंदन वाढले आणि मागच्या शॉकचे परतीचे अवमंदन स्वाराला स्वतः बदलता येऊ लागले. हा बदल छायाचित्रात कोठेही दिसत नाही. २०२१ साली युरो-५ नियमांसाठी इंजिन सुधारले, पुढच्या डिस्कचा व्यास २८२ वरून २९८ मिलिमीटर झाला आणि दिव्याचे रूप पालटले. चर्चा झाली ती मुख्यतः दिव्याची.

२०२५ च्या गाडीत चौकट नव्याने आखली गेली, ४१ मिलिमीटरचेच पण उलटे फोर्क आले आणि वजन १८३ किलोग्रॅमवर राहिले. पहिल्या आवृत्तीतला विसंवाद यामुळे बराच मिटला आहे. परंतु त्याच वेळी मनगट व इंजिन यांच्यामध्ये तारेऐवजी विजेने चालणारा थ्रॉटल आला. मागितले तेवढे मिळण्याची हमी आता क्रँकशाफ्टच्या खुंट्यांइतकीच संगणकाच्या आज्ञावलीवरही अवलंबून आहे, आणि ती आज्ञावली नग्न असणे शक्यच नाही. याखेरीज टाकीच्या आवरणावर झरोके कोरले आहेत. हवा आत ओढताना होणारा आवाज नेमका स्वाराच्या कानाकडे जावा एवढाच त्यांचा हेतू आहे. २७० अंशांच्या मांडणीत तो ठेका कार्याच्या पोटी आपोआप जन्मास आला होता. कोणी त्याची रचना केली नव्हती. आता तो ऐकविला जातो.